मुलींना मुंजीची गरजच नसते म्हणे! (शास्त्र, शरीर आणि 'बायकांचा स्वभाव')

ओसरी

नणंदेच्या मुलाची मुंज वैशाखात आहे. त्याच्या सात वर्षांच्या बहिणीने जेवताना सहज विचारलं, "आणि माझी कधी?" त्यावर घरात तीन उत्तरं आली. आजेसासूबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीला वेदाचा अधिकार नाही." सासरे निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या मते गायत्री मंत्राच्या कंपनांचा गर्भाशयावर परिणाम होतो आणि 'यावर संशोधन झालेलं आहे'. तिसरं उत्तर गुरुजींचं. तरुण आहेत, बोलायला फार गोड. ते म्हणाले, "मुली जन्मतःच शुद्ध असतात हो, संस्कारांची गरज आम्हा पुरुषांना!"

पोरगी खूश झाली, मी मात्र विचारात पडले. बाई अशुद्ध म्हणून मुंज नाही, नाजूक म्हणून नाही आणि जास्तच शुद्ध असली तरी नाहीच. कारणं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, नियम तेवढा जागचा हलत नाही.

मग मूळ शोधायला बसले. मनुस्मृती (२.६७) म्हणते की विवाह हाच स्त्रियांचा वैदिक संस्कार, पतीची सेवा हाच गुरुगृही वास आणि घरकाम हीच अग्नीची उपासना. त्या श्लोकात कंपनं नाहीत आणि शुद्धताही नाही, कामाची सरळ वाटणी आहे. उलट हारीत या जुन्या धर्मशास्त्रकाराच्या नावावर एक वचन सापडतं. स्त्रिया दोन प्रकारच्या, ब्रह्मवादिनी (वेद शिकणाऱ्या) आणि सद्योवधू (थेट लग्न करणाऱ्या), आणि ब्रह्मवादिनींना उपनयन, अग्नी, वेदाध्ययन सगळं आहे. पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात याची सविस्तर चर्चा मिळते.

माझा संशय असा की ज्याला आपण 'उपजत' म्हणतो, त्यातलं बरंचसं आधी नुसता नियम होतं. कारणं नंतर, ज्या त्या काळाला शोभतील अशी चिकटली. तुमच्या घरात, पंथात, धर्मात काय सांगतात ते लिहा. फक्त हिंदूंनीच लिहावं असं अजिबात नाही. राजकारण नको, ते दुसऱ्या धाग्यांवर चालू आहेच.

निवांत_नाना

विषय पेटणार. जागा धरून ठेवतो.

त्रिपदा

ताई, धागा चांगला आहे, पण मांडणी एकांगी वाटली. मी याज्ञिकी शिकलो आहे, म्हणून थोडं लिहितो.

रजस्वलेच्या नियमांचं मूळ तैत्तिरीय संहितेतल्या इंद्राच्या कथेत आहे (२.५.१). इंद्राने त्वष्ट्याचा मुलगा विश्वरूप याला मारलं आणि त्याला ब्रह्महत्या लागली. ते पाप त्याने तीन ठिकाणी वाटून दिलं: पृथ्वी, वृक्ष आणि स्त्रिया. पण फुकट नाही! तिघांनीही वर मागून घेतले. खणलेली जमीन पुन्हा भरून येते, तोडलेलं झाड पुन्हा फुटतं आणि ऋतूमुळे स्त्रीला अपत्य होतं. म्हणजे कथेनुसार स्त्रीने जगासाठी ओझं उचललं आणि बदल्यात सृजनाची शक्ती मिळवली. यात अपमान कुठे आला?

भिन्नता म्हणजे उच्चनीचता नव्हे. ज्या मनूला झोडपतात, त्यानेच 'यत्र नार्यस्तु पूज्यन्ते' लिहिलंय. चार दिवस बाजूला बसण्यात पूर्वीच्या बायकांना विश्रांती मिळायची, हेही विसरू नका.

बालाघाट

विश्रांती? कुणाच्या घरी हो, त्रिपदा?

आमच्याकडे बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते. बाई फडात आली नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापतात. पाळी असो, पोट दुखो, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढायचंच. ही बाई 'नाजूक' आहे असं मुकादमाला कधी वाटलं नाही. याच बायकांनी गर्भाशयं काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ साली देशभर गाजल्या.

आणि गंमत बघा, त्याच बाईने त्या दिवसांत गावातल्या देवळाची पायरी चढलेली चालत नाही. मोळीला विटाळ होत नाही, देवाला होतो. उपजत नाजूकपणा वाड्यातल्या बाईपुरता आणि उपजत अशुद्धता मात्र सगळ्यांना सारखी, असा हिशेब आहे हा.

निवांत_नाना

हा प्रतिसाद वाचून चहा गार झाला.

कृष्णाकाठ

आम्ही सांगलीकडचे दिगंबर जैन. ओसरीताईंनी दुसऱ्या धर्मांचं विचारलं म्हणून लिहितोय, कारण या विषयावर आमच्याकडे हजार वर्षांहून जुना लेखी वाद आहे: स्त्रीच्या देहातून मोक्ष मिळतो की नाही?

दिगंबर म्हणतात, नाही. मोक्षासाठी वस्त्रासकट सगळ्याचा त्याग हवा, तो स्त्रीला शक्य नाही. कुंदकुंदाचार्यांच्या नावावरच्या सूत्रपाहुडात त्याही पुढे जाऊन म्हटलंय की स्त्रीच्या शरीरात, बगलेत, नाभीत, स्तनांच्या मध्ये सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, त्यामुळे तिच्या हातून अहिंसा पुरती पाळलीच जाऊ शकत नाही. म्हणजे बघा, प्रश्न निघाला कपड्यांचा आणि उत्तर जाऊन पोचलं शरीराच्या घडणीत. आमच्या आर्यिका (साध्वी) एका पांढऱ्या साडीत आयुष्यभर कडक व्रतं पाळतात, पायी विहार करतात, हाताने केस उपटून लोच करतात. पण मोक्ष पुढच्या एखाद्या पुरुषजन्मातच.

श्वेतांबर म्हणतात, मिळतो. त्यांच्या मते एकोणिसावे तीर्थंकर मल्ली ही स्त्रीच होती. आमच्यात तेच मल्लिनाथ पुरुष. आता लुटुपुटीचा यापनीय पंथ, जो पुढे नाहीसा झाला, त्यातल्या शाकटायनाने नवव्या शतकात स्त्रीमुक्तीच्या बाजूने अख्खं प्रकरण लिहिलं.

पण श्वेतांबर कथेतही एक मेख आहे. मल्लीला स्त्रीजन्म का आला? तर मागच्या जन्मी राजा असताना तिने (त्याने!) मित्रांशी कपट करून त्यांच्यापेक्षा जास्त तप केलं. कपटाचं फळ स्त्रीदेह. तीर्थंकरपद मिळालं तरी 'बाई म्हणजे कपटी' हा समज शाबूत.

माझी आई रोज स्वाध्याय करते. तिला मी हे विचारलं तर ती म्हणाली, "पुढच्या जन्माचं पुढच्या जन्मी बघू, आधी तू सूर्यास्तापूर्वी जेवून घे."

ओसरी

कृष्णाकाठ, 'लुटुपुटीचा' कशाला? नाहीसा झाला म्हणून? बाकी प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. आईंना नमस्कार सांगा.

स्टेथो

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे कंपनांचं उत्तर माझ्याकडे लागतं. मंत्र म्हटल्याने गर्भाशयाला काही होत नाही. गाणाऱ्या बायका तासन् तास खर्ज लावतात, त्यांना मुलं होतात.

पण दुसरी बाजूही लिहिते, कारण अशा चर्चांत लोक दुसऱ्या टोकाला जातात. स्त्री-पुरुषांच्या शरीरात फरक आहेत. उंची, स्नायूंची ताकद, हिमोग्लोबिन, काही आजारांचं प्रमाण, सगळ्यात. नवजात मुली मुलग्यांपेक्षा चिवट असतात, हे कुठलीही अनुभवी नर्स सांगेल. हे नाकारून काही साधत नाही. खटकतं ते असं की या फरकांवरून कुणी 'मुलीला दूध जास्त द्या' असं म्हणत नाही, थेट 'मुलीने गाभाऱ्यात जाऊ नये' यावर उडी मारतात. फरक शरीरातला आणि निकाल स्वयंपाकघराचा, देवघराचा.

गौरी-गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्याकडे एकच काम असतं: पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. शाळेतल्या मुख्याध्यापिका येतात, बँकेतल्या अधिकारी येतात. पूर्वी 'विटाळ' म्हणायच्या, आता 'घरात निगेटिव्ह एनर्जी नको' म्हणतात. एकीला विचारलं, गौरी स्वतः बाई ना, तिला चालणार नाही का? ती म्हणाली, "गौरीला चालेल हो डॉक्टर, जाऊबाईंना चालणार नाही."

दीक्षाभूमी_रोड

नागपूरहून. आमच्या घरी १९५६ नंतर विटाळ, व्रतं, सगळं बंद झालं, आजीने स्वतः बंद केलं. तरी 'बाईची अक्कल चुलीपुरती' हे वाक्य मी माझ्याच काकांकडून ऐकलंय. तेव्हा आमच्याकडे सगळं आलबेल आहे असा दावा करणार नाही.

पण थेरीगाथेतली (बौद्ध भिक्षुणींच्या गाथांमधली) सोमा थेरी इथे यायलाच हवी. मार, म्हणजे साधकांना मोहात पाडणारा, तिला म्हणतो, ऋषींना जे पद मिळतं ते दोन बोटांची अक्कल असलेल्या बाईला कुठून मिळणार? दोन बोटं म्हणजे भात शिजला की नाही हे शीत दाबून बघतात ती. अट्ठकथेत (जुन्या पाली टीकेत) म्हटलंय की मुली सात-आठ वर्षांच्या असल्यापासून भात रांधतात, तरी शीत चेपल्याशिवाय त्यांना कळत नाही. (कुकर नसताना पुरुषांना तरी कसं कळायचं, देव जाणे.) सोमा शांतपणे उत्तर देते की चित्त एकाग्र झालं असताना, धम्म नीट दिसत असताना, स्त्रीपणाचा संबंधच काय? संयुत्तनिकायात तिचं उत्तर आणखी पुढे जातं: 'मी बाई', 'मी पुरुष' असं ज्याच्या मनात अजून चालू आहे, त्याच्याशी माराने बोलावं.

आता उलटी बाजू. विनयपिटकात भिक्षुणींसाठी आठ गरुधम्म, म्हणजे जास्तीचे कडक नियम, आहेत. शंभर वर्षं भिक्षुणी असलेल्या बाईनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करायचं. बाबासाहेबांनी १९५१ साली हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर जो इंग्रजी लेख लिहिला, त्यात स्त्रियांना हलकं लेखणारी बुद्धाच्या तोंडची वचनं मागाहून भिक्खूंनी घुसडलेली असावीत, असं मांडलं. ते खरं धरलं तरी एक उरतंच: घुसडावंसं वाटलं, आणि पुढे कोणी काढलं नाही.

वसईची_वाडी

आम्ही कॅथलिक. ओसरीताईंचा 'कारण बदलतं, नियम राहतो' हा मुद्दा आमच्याकडे तर तारखांसकट दाखवता येतो.

बायबलात तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात बाईने मंडळीत शिकवू नये याचं कारण दिलंय: आदाम आधी निर्माण झाला आणि फसली ती हव्वा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने म्हणाले की स्त्री म्हणजे घडता घडता राहून गेलेला पुरुष. तेव्हा ते 'विज्ञान'च होतं. १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रीच्या प्रतिष्ठेवर पत्र काढलं. त्यात हीनपणा कुठेच नाही, उलट स्त्रीच्या खास प्रतिभेचं कौतुक. मग १९९४ मध्ये दुसरं पत्र: स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा देण्याचा चर्चला अधिकारच नाही. आधी कमी म्हणून नाही, आता वेगळी आणि थोर म्हणून नाही. तुमच्या गोड गुरुजींची आठवण आली की नाही?

मला सिस्टरांनी शिकवलं. शाळा, दवाखाना, हिशेब, बांधकाम, सगळं त्याच चालवायच्या. मिस्सा सांगायला मात्र सायकलवरून एक म्हातारे फादर यायचे.

त्रिपदा

इतर धर्मांतली माहिती उत्तम. पण यातून उलट माझाच मुद्दा सिद्ध होत नाही का? इतक्या वेगवेगळ्या परंपरा, वेगवेगळे देश, तरी सगळ्यांना स्त्री-पुरुष भिन्न दिसले. मग त्यात काही निसर्गाचं सत्य असेलच. सगळे मिळून कट करायला बसले नव्हते.

गडचिरोलीत माडिया लोकांची कुर्माघरं आहेत, पाळीच्या दिवसांत बायका तिथे राहतात. तिथे ना मनू पोचला ना तैत्तिरीय संहिता.

बालाघाट

कुर्माघराचा मुद्दा बरोबर आहे, सगळं मनूच्या माथी मारता येत नाही. रक्ताची भीती पोथ्यांपेक्षा जुनी असणार. पण भीती सगळीकडे आहे म्हणून ती सत्य ठरत नाही. ग्रहणाला सगळे घाबरायचे.

आणि तुमच्या इंद्राच्या कथेबद्दल. मी शेतकरी माणूस, म्हणून पाप घेतलेल्या बाकी दोघांचं काय झालं ते शोधलं. जमिनीने घेतलेला हिस्सा म्हणजे खारवट, भेगाळलेली जागा. झाडाने घेतलेला म्हणजे त्याचा चीक, डिंक. तांबडा डिंक, किंवा तोडल्या जागेतून स्रवलेला, खाऊ नये असं तिथेच पुढे लिहिलंय. बरोबर ना? मग सांगा, आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू कोण खाऊ घालतं? ब्रह्महत्येचा तिसरा हिस्सा तुपात तळून, गूळ घालून! जमिनीचं कोणाला आठवत नाही, डिंकाचं तर तोंडाला पाणी सुटतं. तीन वाटेकऱ्यांपैकी एकीचंच पाप लक्षात राहिलं.

स्टेथो

बालाघाट, दंडवत. उद्यापासून बाळंतिणींना लाडू लिहून देताना हसू येणार.

माळकरी

डिंकाच्या लाडवानंतर लिहायचं म्हणजे अवघड, तरी लिहितो. वारकरी घरातला आहे.

आमच्याकडे सगळेच म्हणतात की पंथात भेद नाही. ज्ञानेश्वर पुरुष असून 'माउली', विठोबा 'विठाई', तो जनाबाईबरोबर दळतो. मुक्ताबाई चांगदेवाची गुरू झाली. सतराव्या शतकात शिऊरची बहिणाबाई तुकोबांची शिष्या झाली, ब्राह्मण नवऱ्याचा मार खाऊन. पण तिचे अभंग नीट वाचा. वेद-पुराणं ओरडून सांगतात की स्त्रीच्या संगतीत हित नाही, आणि मी तर जात्या स्त्रीदेहच, आता परमार्थ कसा करू, असं ती विचारते. ज्या शिकवणुकीने वाट अडवली तीच तिच्या डोक्यात भरलेली, आणि त्यातूनच ती वाट काढतेय. मला ती मुक्ताबाईपेक्षा जवळची वाटते.

संतांचं नेहमीचं उत्तर असं की आत्म्याला बाई-पुरुष नसतं. उत्तर सुंदर आहे, त्याने मोठी सोय झाली. पण गाभाऱ्याच्या दारात आत्मा अडवत नाहीत, देह अडवतात. देहाचं उत्तर दिलं ते सोयराबाईने, चोखोबांच्या बायकोने. तिचं म्हणणं असं की विटाळ देहातच जन्मतो, विटाळावाचून कुठलाच देह उपजत नाही, मग सोवळा झाला तो कोण? जातीचा विटाळ आणि बाईचा विटाळ, दोन्ही तिच्या वाट्याला होते, म्हणून ती आत्म्याच्या आड लपली नाही. तिच्याही आधी चक्रधरस्वामींनी पाळीबद्दल सांगितलेलं लीळाचरित्रात आहे: नाकाला शेंबूड येतो, डोळ्याला चिपड येतं, तसाच हा एक स्राव, त्याचा विटाळ धरू नये. तेराव्या शतकात! स्टेथोताई, तुमच्या मुख्याध्यापिकांना हे छापून द्या.

त्रिपदा, परंपरा परंपरा म्हणता तेव्हा यांनाही धरा. हे काही परदेशातून आलेले नव्हते.

माहीमकर

परंपरा किती जुनी तेही तपासावं लागतं. हाजी अली दर्ग्यात मी लहान असताना आई, खाला, सगळ्या मजारीपर्यंत जायच्या. २०११-१२ च्या सुमारास बायकांना आत बंदी आली आणि लगेच ती 'पहिल्यापासूनची' झाली. पुरुष संताच्या कबरीजवळ बाईने जाणं गुनाह, असं कारण आलं. २६ ऑगस्ट २०१६ ला हायकोर्टाने बंदी उठवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देण्याचं प्रकरणही झालं होतं, तिथे १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा आधीपासूनच होता, कोणी उघडून पाहिला नव्हता.

अम्मी आता गुडघ्यांमुळे जात नाही, ते वेगळं.

सदाशिव_पेठी

पुण्यात शंकरराव थत्त्यांनी सत्तरच्या दशकात उद्यान प्रसाद कार्यालयात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली, पुढे ज्ञानप्रबोधिनीनेही वर्ग काढले. माझी मावशी शिकली. सुरुवातीला तिला लोक दारातून परत पाठवत. आता तिची डायरी भरलेली असते.

पण का बोलावतात ते ऐका. "बायका मनापासून करतात." "अर्थ सांगतात, घाई करत नाहीत." "दक्षिणेवरून कटकट नाही." म्हणजे बाई उपजतच श्रद्धाळू, सोशिक आणि कमी पैशात समाधानी. दार उघडलं तेही त्याच किल्लीने. मावशीने गेल्या वर्षी दक्षिणा वाढवली तर एका यजमानीणबाईंनी ऐकवलं, "तुम्हीसुद्धा?"

निवांत_नाना

"तुम्हीसुद्धा" फार आवडलं. मावशींना सांगा, आणखी वाढवा.

पैनगंगा

आत्ताच सगळं वाचून काढलं. बुलढाण्याची आहे, त्यामुळे ताराबाई शिंद्यांचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचा राग आला. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकाच्या हत्येसाठी फाशी सुनावली (पुढे शिक्षा कमी झाली) आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या स्वभावावर ताशेरे सुरू झाले. ते वाचून ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. शाळेत न गेलेली मराठा बाई, घरच्या घरी शिकलेली. ती 'सगळे समान आहेत हो' असं गुळमुळीत बोलत नाही. साहस, कपट, संशय, असे बायकांचे म्हणून ठरवलेले दोष एकेक करून घेते आणि विचारते, हा पुरुषांत नाही का? तुमच्यात तर दुप्पट! देवांनाही सोडत नाही. विधवेला नियम घालणाऱ्या शास्त्रकारांना विचारते की बायको मेल्यावर नवऱ्याने काय सोडलं? जोतीराव फुल्यांशिवाय फारसं कोणी तिच्या बाजूने उभं राहिलं नाही. तिने पुन्हा पुस्तक लिहिलं नाही.

त्रिपदा, तुम्हाला ताराबाईंच्याच पद्धतीने विचारते. तुमच्या मते भिन्नता म्हणजे उच्चनीचता नाही. मग पुरुषाच्या उपजत स्वभावामुळे त्याला बंद असलेलं एक तरी दार सांगा. देवळातलं, घरातलं, कुठलंही.

त्रिपदा

पैनगंगाताई, हळदीकुंकू म्हणणार होतो, पण तुम्ही हसाल.

प्रामाणिकपणे सांगतो, असं दार मला पटकन सुचत नाहीये. केरळात अट्टुकलच्या देवळात पोंगाला या उत्सवाला फक्त बायका असतात, पण ते वर्षातून एकदा, आणि गाभाऱ्यातला पुजारी तिथेही पुरुषच. तरी माझं मूळ म्हणणं मी सोडलेलं नाही. स्त्री आणि पुरुष एकाच साच्याचे आहेत असं मला वाटत नाही आणि परंपरेने ते ओळखलं याचं मला मोल वाटतं. नियम त्यातून आले की नियमांसाठी फरक फुगवले, यावर ओसरीताईंशी मतभेद राहील.

बालाघाट, डिंकाचं तुम्ही म्हणता तसंच आहे, संहितेत तो निषेध आहे. आमच्या पाठशाळेत हा भाग पाठ करून घेतला, पण थंडीत डबा भरून लाडूही यायचे. गुरुजींना विचारायचं धाडस तेव्हा झालं नाही, आता फोन करतो.

बालाघाट

करा फोन. आणि काय म्हणाले ते इथेच टाका, व्यक्तिगत निरोप नको. सगळ्यांना ऐकायचंय.